पहाटे पाच वीसचं पाणी

प्रयोगशाळा, दुसरा मजला
ता. ४ एप्रिल, सोमवार

ती. आजीस,
टिटवीचा सा. न. वि. वि. मी बरी आहे, वेळेवर जेवते, रात्री झोपते. तू विचारायच्या आत सांगून टाकलं.

बसच्या कंडक्टरकाकांकडे एक खोकं पाठवलंय, ते जपून उघड. फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेल्या निम्म्या वेळात तूच बोलतेस, म्हणून सगळं लिहूनच देते. तुझ्या दारासमोरच्या तळ्याबद्दलचा नगरपालिकेचा रिपोर्ट मी वाचला. इंजिनिअरसाहेबांनी लिहिलंय की तळं ठणठणीत आहे, पाण्यात ऑक्सिजन भरपूर आहे, तेव्हा धुलाई कारखान्याच्या सांडपाण्याचा आणखी एक पाइप त्यात सोडायला हरकत नाही. अठ्ठावीस जूनच्या सभेत परवानगी द्यायचं घाटतंय. एका पाइपानेच तळ्याची काय दशा केलीय ते तू रोज बघतेस. दुसरा आला तर चार-पाच वर्षांत तिथे हिरव्या शेवाळाशिवाय काही उरणार नाही, असं मला वाटतं. पण सभेत ‘मला वाटतं’ चालत नाही, आकडे लागतात. मला दर आठवड्याला यायला सुट्टी नाही. तू मात्र रोज पहाटे आजोबांची होडी घेऊन तिथेच असतेस. म्हणून हे काम तुझं.

काळी-पांढरी थाळी आहे ती दोरीने पाण्यात सोडायची, दिसेनाशी झाली की दोरीवरच्या गाठी मोजायच्या. त्यावरून पाणी किती गढूळ ते कळतं. टीव्हीच्या रिमोटसारखं दिसतं ते ऑक्सिजनचं यंत्र. त्याची वायर पाण्यात सोडायची, आकडा स्थिर झाला की वहीत लिहायचा, पहाटे एकदा आणि दुपारी एकदा. जाळीने तळाचा गाळ काढून त्यात कोण कोण राहतं ते बघायचं. आणि सहा बाटल्या आहेत. बाटली तळ्याच्याच पाण्याने तीनदा विसळायची, मग भरायची, आणि बर्फाच्या डब्यातून दर मंगळवारी कंडक्टरकाकांकडे द्यायची. रिकाम्या बाटल्या ते परत आणून देतील.

काका त्याच कारखान्यात मुकादम आहे, हे मला माहीत आहे. त्याच्यापासून लपवून काही करू नकोस, पण त्याच्याशी भांडूही नकोस.

रागावलीस तरी चालेल, लोभ मात्र आटू देऊ नकोस.
तुझी,
टिटवी


तळ्याकाठून
ता. २६ एप्रिल, मंगळवार

चि. टिटवीस,
आजीचे अ. आ. आणि पाठीवर एक धपाटा, कारण तू झोपतेस ही थाप आहे, कंडक्टर सांगत होता तुझे डोळे सुजलेले असतात म्हणून.

अगं, काय मजा आहे ह्या कामात! शहात्तर वर्षं झाली, मला कुणी आजवर यंत्र हातात दिलं नव्हतं. शिलाईमशीन होती, पण ती तुझ्या आजोबांनी दुरुस्त करून करून मोडली. तर हे तुझं रिमोट मी पहिल्या दिवशी उशाशी घेऊन झोपले. चौथीत शाळा सुटली माझी, आकडे मात्र मला तेव्हाही यायचे, अक्षरांचंच वाकडं होतं. वही केलीय. एका बाजूला पहाट, दुसऱ्या बाजूला दुपार. थाळी पाइपाच्या बाजूला तीन गाठी आणि एक वीत गेली की गुडूप होते, पलीकडे लव्हाळ्याच्या बाजूला सात गाठींपर्यंत दिसते. वीत म्हणजे माझी वीत, तुझी लांब आहे.

आता खरी गंमत ऐक. पहाटे यंत्र दोन दाखवतं. त्याच जागी दुपारी तीनला अकरा! मला वाटलं बिघडलं. हळूच आपटून पाहिलं, म्हणजे टेकवलं असं समज. पुन्हा तेच. चार दिवस तेच. आणि मी तर कित्येक वर्षं बघतेय, पहाटे मासे सगळे वर येऊन तोंड वासून असतात, बस चुकलेल्या माणसांसारखे. दुपारी जा, एक दिसेल तर शपथ. मी आपली समजत होते की मला भेटायला येतात. कशाला खोटं बोलू, वाईट वाटलं थोडं.

गाळाचं सांगायचं राहिलं. पाइपाजवळ नुसत्या लाल अळ्या, दुसरं काही नाही. लव्हाळ्याजवळ मात्र वस्ती आहे! गोगलगायी आहेत, पाठीवर पोहणारा एक किडा आहे, आणि चतुराची पिल्लं, पंख फुटायच्या आधीची. ती तर अशी चालतात जसा तुझा काका पगाराच्या आदल्या दिवशी. बशीत काढून बघितलं आणि परत सोडून दिलं त्यांना. बशी तीच, तुझी आवडती, निळ्या काठाची. धुतलीय, तोंड वाकडं करू नकोस.

इंजिनिअरसाहेब येतात अधूनमधून. दुपारचं जेवण झालं की गाडीतून उतरतात, छत्री उघडतात, धक्क्यावरूनच त्यांचं यंत्र बुडवतात, लिहितात आणि जातात. बूटसुद्धा ओले होत नाहीत.

तुझा काका आला होता. म्हणाला, आई, ह्या वयात हे काय चालवलंयस, त्या कारखान्याने आपल्याला अन्न दिलंय. मी म्हटलं, त्याच्या आधी अठरा वर्षं मी दिलं, त्याची आठवण ठेव. भांडू नकोस लिहिलं होतंस, म्हणून एवढंच बोलले.

जेव. झोप. माया इथून रोज सुटते, तिकडे पोचते का कळव.
तुझी,
आजी


प्रयोगशाळा
ता. २० मे, शुक्रवार

ती. आजीस,
सा. न. वि. वि. तुझ्या विती मी पट्टीने मोजून सेंटिमीटरमध्ये बदलल्या (तुझ्या जुन्या हातमोज्यावरून, तो माझ्याकडेच आहे). इथे सगळे हसले, मग वही मागून घेऊन पानं उलटायला लागले. एकही पहाट चुकलेली नाही.

यंत्र बिघडलेलं नाही, आजी. शेवाळ दिवसभर उन्हात ऑक्सिजन सोडतं, म्हणून दुपारी तीनला पाणी श्रीमंत असतं. रात्रभर तेच शेवाळ तो ऑक्सिजन परत खाऊन टाकतं, पहाटेपर्यंत माशांना श्वासापुरताही उरत नाही. मासे तुला भेटायला नाही, श्वास घ्यायला वर येतात. इंजिनिअरसाहेबांचा आकडा खोटा नाही. ते फक्त तळ्याला रोज त्याच्या सगळ्यात चांगल्या वेळी भेटतात.

आणि बाटल्यांचं ऐक. फॉस्फेट म्हणजे शेवाळाचं खाद्य, ते धुलाईच्या पावडरीतून येतं. तुझ्या बाटल्यांत ते इतकं निघालं की शेजारच्या टेबलावरचे लोक उठून बघायला आले. मी रिपोर्टची पहिलीच ओळ त्याची केली. परवा रिपोर्ट नगरपालिकेला पाठवला. आता त्यांना उत्तर देणं भाग आहे.

तुझा लोभ पोचतो, वेळेवर, कंडक्टरकाकांच्या आधी.
तुझी,
टिटवी


तळ्याकाठून
ता. ३१ मे, मंगळवार

चि. टिटवीस,
अ. आ. आणि शाबासकी. तुझ्या रिपोर्टने काय धमाल उडवलीय! दुकानात, पोस्टात, न्हाव्याकडे, सगळीकडे फॉस्फेट फॉस्फेट. निम्म्यांना बोलता येत नाही, तरी बोलतात. कारखान्याचे मालक म्हणे नगरपालिकेत जाऊन टेबल बडवून आले. इंजिनिअरसाहेब परवा माझ्या दारात येऊन उभे राहिले, बाटल्या कुठे भरता, कशा भरता विचारत होते. मी चहा पाजला आणि काही सांगितलं नाही. म्हटलं, नात सांगेल.

काका बोलत नाही माझ्याशी. पण येतो नेमाने. पहिल्या तारखेला कारखान्यातली पावडर आणून ठेवतो मुकाट्याने, गेली दहा वर्षं आणतो तशी, आणि जातो. ती पावडर मात्र नंबर एक, बाजारात तसली मिळत नाही. तुझ्या बाटल्या मी त्यातच रात्रभर भिजत घालते दर सोमवारी. तुमच्या प्रयोगशाळेत कोण कशा धुतं देव जाणे, परक्या हातची बाटली मी तशीच कशी वापरू? अशा चकचकीत निघतात की चेहरा दिसतो. मग एवढी स्वच्छ बाटली पुन्हा तळ्याच्या पाण्यात तीनदा विसळायची म्हणजे न्हाऊ घातलेल्या पोराला चिखलात बसवायचं. ते मी करत नाही. सरळ भरते. तुझं काम चोख झालं पाहिजे ना!

लव्हाळ्याजवळ काल एक चतूर कातडी टाकून उडाला माझ्यासमोर. पंख वाळेपर्यंत बसून राहिले, होडी वाहत कुठल्या कुठे गेली.

लोभाचं वेगळं काय लिहायचं, तो आहेच.
तुझी,
आजी


प्रयोगशाळा
ता. २ जून, गुरुवार

ती. आजीस,
सा. न. वि. वि. तुझं पत्र उभ्याने वाचायला घेतलं आणि खाली बसून संपवलं.

आजी, मी रागावलेली नाही, हे आधी वाच. त्या पावडरीत फॉस्फेट असतं. बाटलीच्या आत ते चिकटून राहतं, आणि विसळलं नाही की नमुन्यात उतरतं. आम्ही तळ्यातलं फॉस्फेट मोजलंच नाही, तुझी स्वच्छता मोजली. आठही आठवड्यांचे बाटल्यांचे आकडे रद्द. मीच तुला ‘का विसळायचं’ ते लिहिलं नाही, नुसतं ‘विसळ’ लिहिलं, ही चूक माझी.

आमचे साहेब म्हणतात अख्खा रिपोर्ट मागे घे. पहिलीच ओळ चुकली तर बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवेल, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं नाही. मी नगरपालिकेला कळवते की प्रयोगशाळेकडून चूक झाली. तुझं नाव कुठेही येणार नाही. तू सभेला जाऊ नकोस. तिथे तुला कुणी हसलेलं मला सहन होणार नाही.

लोभ तुझा आहे तितकाच राहू दे, आज त्याची गरज आहे.
तुझी,
टिटवी


तळ्याकाठून
ता. ५ जून, रविवार

चि. टिटवीस,
अ. आ. दोन दिवस बाटल्या समोर ठेवून बसले होते. एवढी मेहनत घेऊन मीच तळ्याच्या मुळावर उठले, असं वाटलं. मग राग आला, तो आधी स्वतःचा, नंतर पावडरीचा आणि शेवटी तुझ्या साहेबांचा.

माझी चूक प्रयोगशाळेने का घ्यायची? मी काय कुक्कुलं बाळ आहे? चूक मी केली, रात्रभर भिजवून केली, तेव्हा सांगणारही मीच. आणि अख्खा रिपोर्ट कशाला मागे घेतेस? बाटलीला पावडर लागली, यंत्राच्या वायरला नाही लागली. वायर मी नुसती फडक्याने पुसते. पहाटेचे दोन ते दोनच आहेत. मासे काही माझ्या पावडरीने तोंड वासत नाहीत. तुझ्या साहेबांना विचार, एक दात किडला म्हणून सगळे उपटतात का?

फॉस्फेट काढून टाक. बाकीचा रिपोर्ट तसाच पाठव, आणि बाटल्या कुणी धुतल्या ते माझं नाव घालून लिही. हसणारे हसू देत. मला हसलेलं ऐकू येत नाही नीट, तेवढा एक फायदा आहे.

सभेला मी जाणार आहे. अडवायचं असेल तर स्वतः ये.
लोभ शाबूत आहे, जरा तापलाय एवढंच.
तुझी,
आजी


तळ्याकाठून
ता. ३० जून, गुरुवार

चि. टिटवीस,
अ. आ. बस आणि पत्रपेटी दोन्ही काल चुकल्या, कारण काल सकाळभर माणसं दारात आणि दुपार नगरपालिकेत. आज दार लावून बसलेय आणि सगळं क्रमाने सांगते, मध्येच भरकटले तर माफ कर.

तुझा दुरुस्त केलेला रिपोर्ट सभेत वाचला. तुमच्या प्रयोगशाळेतल्या साहेबांना इतकं ऐकवलंस तू त्याच्यासाठी, तुझ्या वडिलांनी सांगितलं मला, तू लपवलंस तरी. वाचून झाला तशी कुजबुज सुरू झाली. मालक उठून म्हणाले, एका आजीबाईंनी साबणाच्या बाटल्यांतून पाणी भरलंय आणि त्यावर आपण कारखान्याचा निर्णय घेणार का. हसले लोक. ऐकू आलं मला, बरं का, नको तेव्हा कान चालतात.

मी उठले. म्हटलं, साबणाच्या नाही, यांच्याच कारखान्याच्या पावडरीच्या बाटल्या. रात्रभर भिजवल्या मी, चांगल्या घासून. चूक माझी, ती मोठ्याने सांगते, मागे बसलेल्यांना ऐकू गेलं नसेल तर पुन्हा सांगते. पण एका बाटलीत चिमूटभर राहिली तर एवढा आकडा चढला, आणि यांच्या पाइपातून पोत्यांनी जाते तिचं काय होत असेल, ते तुम्हीच बघा. तिथे हसणं थांबलं. मग इंजिनिअरसाहेबांना विचारलं, तुमचा ऑक्सिजनचा आकडा किती वाजताचा? ते म्हणाले, फॉर्मवर तारीख असते, वेळेचा रकाना नाही. मी म्हटलं, मग उद्या पहाटे पाच वाजता तुमचंच यंत्र घेऊन या. माझं नको, माझी वही नको, माझा हातही नको लागायला. फक्त होडी माझी.

अध्यक्षीणबाई मोठ्या खमक्या निघाल्या. त्यांनी सभा उठवलीच नाही, म्हणाल्या, उरलेली सभा उद्या पहाटे धक्क्यावर. नऊ सभासदांचे चेहरे बघायला हवे होतेस तू!

आले सगळे. कुणी उलटा स्वेटर घालून, कुणी घरातल्या चपलांत. इंजिनिअरसाहेब होडीत बसले आणि दोन्ही कडा घट्ट धरून राहिले. त्यांना पोहता येत नाही, बिचाऱ्यांना, आणि तळ्याचं काम त्यांच्याकडे. मी सावकाश वल्हवलं. मासे वर होतेच, सगळीकडे, तोंडं वासून. साहेबांनी पहिल्यांदा बघितले. यंत्र बुडवलं. एक पूर्णांक नऊ. त्यांनी यंत्र आपटलं, टेकवलं नव्हे, आपटलं. एक पूर्णांक नऊच. घड्याळात पाच वीस झाले होते.

धक्क्यावर येऊन त्यांनी आकडा स्वतःच्या तोंडाने सांगितला. माणूस सरळ आहे, त्याला पहाटेचं कुणी सांगितलं नव्हतं एवढंच. पण मालक भारी. म्हणाले, म्हणजे तळं मेल्यातच जमा आहे, मग आणखी एक पाइप आला तर काय बिघडतं? आणि अगं, दोन-तीन सभासद माना डोलवायला लागले! माझं डोकंच फिरलं. आपण मरमर करून आजारी आहे दाखवायचं, आणि यांनी म्हणायचं, आजारीच आहे ना, मग द्या आणखी विष. मी म्हटलं, माझे गुडघे गेलेत, एक कान गेलाय, पहाटे मलाही दम लागतो. उद्यापासून मला जेवायला घालू नका मग! आणि तशीच होडीत बसून लव्हाळ्यात गेले, जाळी मारली, बशी आणून अध्यक्षीणबाईंच्या हातात दिली. चतुराचं पिल्लू बशीत फेऱ्या मारत होतं. म्हटलं, हे मेलेल्या पाण्यात राहत नाही, नातीला विचारा. निम्मं तळं अजून जिवंत आहे, तुम्ही कुठल्या निम्म्यासाठी मत देणार ते सांगा.

अध्यक्षीणबाईंनी मालकांना विचारलं, तुमचं पाणी साफ करून सोडता येईल का? ते म्हणाले, अशक्य. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, शक्य आहे. तुझा काका! कारखान्याच्या माणसांत उभा होता, तिथूनच. म्हणाला, पाणी साफ करायच्या दोन टाक्या सहा वर्षं बंद पडल्या आहेत, पंप चांगले आहेत, किल्ल्या माझ्याकडे असतात. आणि खिशातून काढून दाखवल्या. मालकांनी त्याच्याकडे असं बघितलं की मी जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिले.

दुसरा पाइप नाही. सहा विरुद्ध तीन. पहिल्याचं पाणी टाक्यांतून साफ होऊनच येणार, कारखान्याचं दिवाळं निघालं तरी, असं बाईंनी लिहून घेतलं. काकाला कालच मुकादमीवरून काढून फाटकावर बसवलंय. संध्याकाळी आला, जेवला, म्हणाला, फाटकावरून टाक्या चांगल्या दिसतात, चालू आहेत की नाही ते बघायला बरं. बोलतो माझ्याशी आता. पावडर मात्र आणायची नाही असं मी सांगितलंय.

तळं बरं झालं असं समजू नकोस. आज पहाटेही दोनच होते. बाटल्यांसाठी पुढच्या मंगळवारी तू स्वतः ये, स्वतः विसळ, स्वतः भर, मी हाताची घडी घालून होडीत बसते.

आणि हे शेवटचं. काल दुपारी मी नगरपालिकेत गेले. इंजिनिअरसाहेब पाच वीसचा आकडा त्यांच्या मोठ्या वहीत लिहायला बसले होते. मी म्हटलं, वेळ लिहा. म्हणाले, रकाना नाही. म्हटलं, आखा. त्यांनी पट्टी मागवली, पेन्सिलीने रेघ मारली, वर ‘वेळ’ लिहिलं, खाली पाच वीस. मग वही मिटायला लागले. मी वहीवर हात ठेवला. म्हटलं, मागचे भरा. चार वर्षांची पानं होती, टिटवे. साहेबांनी एकदा माझ्याकडे बघितलं, चष्मा पुसला, आणि पहिल्या पानापासून लिहायला लागले, दुपारी तीन, दुपारी तीन, दुपारी तीन. त्यांच्या ऑफिसातले सगळे उठून बघत होते. मी खुर्ची ओढून शेजारी बसले, शेवटचं पान होईपर्यंत उठले नाही.

लोभाचा आकडा लिहीत नाही, सगळ्या वेळांना सारखाच आहे.
तुझी,
आजी